पाऊणकी

ऐरोलीतलं स्वयंपाकघर, दुसरा मजला.
ओट्यावर नकाशा पसरलाय,
कोपऱ्यांवर लसणाची वाटी, पाना, चष्म्याचं घर
आणि चौथ्यावर अर्धी पपई.
सुतळी भिजवून खाडीच्या कडेनं बसवत जातो,
वळण आलं की बोटानं दाबतो,
मग उचलून, ताणून, पट्टीवर.

ऋजुता म्हणते, दिवसाला बावीस किलोमीटर.
तिनं जिममधल्या यंत्रावर वल्हवलंय.
तिथले लाल आकडे फक्त वाढत जातात,
चिखल नसतो, समोरून वारा येत नाही,
आणि कंटाळा आला की माणूस उतरून घरी जातो.
मी अठरा लिहितो. खोडतो. सोळा लिहितो.
डाव्या खांद्याला न विचारता.

संध्याकाळी दिवागावात चांगो नाखव्याकडे गेलो.
तो जाळ्याची भोकं शिवत होता, मान वर न करता म्हणाला,
"किलोमीटर सडकंला असतान, मास्तर. पान्याला येल असते.
निंगाची तिथी सांग."
वद्य पंचमी, मी म्हटलं.
त्यानं अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला:
"पाच पाऊण पावणेचार. भरती पावणेचारला.
वर कलव्याला आनकी तासभर."

पाऊणकी!
वडील ती धान्याच्या हिशेबाला म्हणायचे,
आम्ही पाठ केली आणि माराच्या भीतीबरोबर विसरलो.
ती इथं होती, चाळीस वर्षं,
एका माणसाच्या पेरांवर, समुद्र मोजत.

मग त्यानं सुईनं मातीत खाडी काढली.
एक भरती मुंबईकडून वर चढते,
दुसरी वसईकडून उल्हासात शिरते,
आणि कळव्याच्या आसपास दोघी समोरासमोर येतात,
थोडा वेळ कुणीच कुठं जात नाही.
"तवर पोचाचं. जेवाचं. निजाचं.
फाटंचं पानी उतरंल, त्याच्या पाठीवं बसून वसईच्या अंगाला जाचं.
पानी आपला बैल नाय, त्याला जुंपाचा नाय."

घरी येऊन नवा कागद घेतला.
पहिला दिवस: साडेनऊला निघणे, पाणी चढताना.
कळव्याला थांबणे, दिवस कितीही शिल्लक असो.
दुसरा: पहाटे पाचला, विजेऱ्या कपाळावर.
कोलशेत. जमलं तर गायमुख.
सप्तमीनंतर भांगाचं पाणी, ओढ कमी,
म्हणजे हात जास्त.
वनखात्याचं परवानगीपत्र प्लास्टिकमध्ये.
पाणी दर माणशी पाच लिटर, कारण इतक्या पाण्यात
पिण्यासारखं काहीच नाही.

आणि उतरायचं कुठं?
नकाशावर दोन्ही काठ हिरवे.
हिरवं म्हणजे तिवरं,
तिवरं म्हणजे मांडीपर्यंत चिखल आणि वर टोचणारी मुळं.
पाय टेकेल अशा जागा मी लाल पेन्सिलीनं गोल केल्या:
एक धक्का, एक जुनं रेतीबंदर,
मिठागराचा एक बांध, तोही नाखव्याच्या सांगण्यावरून.
सगळे मिळून पाच गोल.
अंतरं मग मी ठरवायची राहिलीच नाहीत,
एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत
जेवढं आहे तेवढं.

तिसऱ्या दिवसापुढं मात्र पंधरा लिहिलं.
गायमुखापुढं पात्र रुंद होतं, दुपारी वारा तोंडावर येतो,
हे माहीत असून पंधरा.
चोपन्नाव्या वर्षी माणसाला एखादा आकडा
आपल्या बाजूनं हवा असतो.

सकाळी चहा ठेवायला उठलो तर
पंधरावर काट मारलेली.
बाजूला ऋजुताचं अक्षर, तिरकं, घाईचं:
नऊ. वारा असेल तर सहा.
बाबा बोलायचा थांबला की लगेच काठाला लागणे.

ती झोपली होती, उघड्या खिडकीखाली,
एक हात पलंगाबाहेर लोंबत.
बावीस म्हणणारी मुलगी.
तिला कधी कळलं, कोणत्या बरणीचं झाकण उघडताना,
मी विचारलं नाही.

ओट्यावर सुतळी रात्रीत सुकून
दोन बोटं आखूड झालेली.
तशीच गुंडाळून खिशात घातली.